पादांशिक क्रम आणि वैद्याचे स्वतःचे संकल्प

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील 'नवेगान्धारणीय' हा सातवा अध्याय आपण सर्वांनी विद्यार्थिदशेत अभ्यासलेला आहे. तेरा अधारणीय वेग, त्यांच्या अवरोधाने उद्भवणारी लक्षणे व त्यांची चिकित्सा हा भाग परीक्षेच्या दृष्टीने इतका महत्त्वाचा मानला जातो, की अध्यायाचा पुढील भाग पुष्कळांच्या वाचनातून निसटून जातो. लोभ, शोक, भय, क्रोध इत्यादी मनाचे वेग मात्र धारण करावेत असे सांगून आचार्य व्यायामाकडे वळतात आणि त्यानंतर एक लहानसा, पण चिकित्सकाच्या नित्य उपयोगाचा विषय मांडतात. अंगवळणी पडलेले अहितकर कसे सोडावे व हितकर कसे अंगी बाणवावे, हा तो विषय. ह्या विधीस 'पादांशिक क्रम' अशी संज्ञा आहे.

रुग्णास पथ्य सांगताना आपण ह्या क्रमाचा कमी-अधिक उपयोग करतोच. प्रस्तुत लेखात मात्र विचार करावयाचा आहे तो स्वतः वैद्याने व औषधविक्रेत्याने स्वतःसाठी ठरविलेल्या उद्दिष्टांचा. धन्वंतरी जयंतीस किंवा गुढीपाडव्यास आपल्यापैकी अनेक जण मनाशी काही ना काही ठरवितात. संहितेचे पुन्हा एकदा साद्यंत वाचन करावयाचे, निदान पाच-सहा कल्प स्वतःच्या हाताने तयार करावयाचे, प्रत्येक जीर्ण रुग्णाची नोंद व्यवस्थित ठेवावयाची, सकाळी फिरावयास जावयाचे, रात्री साडेनऊला चिकित्सालय बंद करावयाचे. पाडव्याचा संकल्प ज्येष्ठ संपण्यापूर्वीच विरून गेलेला असतो. ह्यात हानी केवळ संकल्पाची होत नाही. वाचन सुटलेल्या वैद्याची चिकित्सा हळूहळू औषध कंपन्यांचे प्रतिनिधी ठेवून जातात त्या माहितीपत्रकांवर चालू लागते, आणि 'आयुर्वेदाचा गुण येत नाही' असे म्हणण्याची पाळी प्रथम त्याच्यावरच येते.

उद्दिष्टाची निवड

सूत्रस्थानाच्या अकराव्या अध्यायात आचार्यांनी प्राणैषणा, धनैषणा व परलोकैषणा अशा तीन एषणा सांगितल्या आहेत आणि त्यांचा क्रमही सकारण दिला आहे. प्राण गेले तर सर्वच गेले, म्हणून प्राणैषणा प्रथम. त्यानंतर धन, कारण साधनांवाचून दीर्घ आयुष्य जगणे कष्टाचे.

आपल्या मीरा-भाईंदरमधील वैद्याचा दिवस ह्या क्रमाशी ताडून पाहावा. येथे १९८५ साली नगरपरिषद व २००२ साली महानगरपालिका झाली. २००१ च्या जनगणनेत पाच लाखांहून थोडी अधिक असलेली लोकसंख्या २०११ त आठ लाखांवर गेली. येथील नोकरदार पहाटेच्या गाडीने चर्चगेटकडे जातो व रात्री आठ-नऊच्या गाडीने परततो. साहजिकच चिकित्सालयातील खरी गर्दी रात्रीची. वैद्याचे जेवण अकरा वाजता, झोप साडेबारानंतर, आणि सायंकाळच्या गर्दीत मूत्रवेगाचे धारण तर नित्याचेच! ज्या अध्यायाचा आधार घेऊन आपण रुग्णास उपदेश करतो, त्याच अध्यायाचे उल्लंघन आसनावर बसून चाललेले असते. अशा स्थितीत एखाद्याने 'दोन वर्षांत दुसरी शाखा काढीन' असे उद्दिष्ट ठेवले, तर त्यात वाईट काही नाही. पण त्याने एषणांचा क्रम उलटा केला आहे हे त्याच्या ध्यानात असावे. माझ्या मते कोणत्याही वैद्याचे पहिले उद्दिष्ट जेवणाच्या व झोपेच्या वेळेसंबंधी असावे. ग्रंथवाचनाचा क्रम त्यानंतर लागतो, कारण जागरणाने शिणलेल्या डोळ्यांपुढे चक्रपाणींची टीका फार वेळ टिकत नाही.

संकल्प का मोडतो : धी, धृती, स्मृती

संकल्प मोडला की आपण सामान्यतः 'मनोनिग्रह नाही' असे निदान करून मोकळे होतो. हे निदान घाईचे आहे. शारीरस्थानाच्या पहिल्या अध्यायात प्रज्ञापराधाचे विवेचन करताना आचार्यांनी धी, धृती व स्मृती ह्या तिन्हींचा भ्रंश स्वतंत्रपणे वर्णिला आहे. हिताहिताचे यथार्थ ज्ञान न होणे हा धीभ्रंश. विषयाकडे धावणाऱ्या मनास आवरू न शकणे हा धृतिभ्रंश. जे स्मरावयास हवे तेच वेळेवर न आठवणे हा स्मृतिभ्रंश. मोडलेल्या संकल्पाचीही अशीच परीक्षा करता येईल.

समजा, एका वैद्याने 'रोज रात्री एक अध्याय वाचीन' असे ठरविले व आठ दिवसांत ते सुटले. येथे धृतीचा दोष मानण्यापूर्वी धीचा दोष पाहावा. चिकित्सास्थानातील ज्वराचा एक अध्याय टीकेसह एका रात्रीत होणे शक्यच नव्हते. उद्दिष्टच अयोग्य होते. दुसरा वैद्य 'नवीन रुग्णाची प्रकृतिपरीक्षा लिहून ठेवीन' असे ठरवितो. त्याची इच्छा आहे, कामही पाच मिनिटांचे आहे. परंतु गर्दीत ते आठवत नाही, आणि आठवते तेव्हा रुग्ण जिना उतरून गेलेला असतो. हा स्मृतीचा दोष आहे. ह्यावर निग्रहाचा उपदेश करणे म्हणजे कफज कासावर वातज कासाची चिकित्सा करण्यासारखे होय. सर्व काही ठाऊक आहे, आठवतेही आहे, तरी समोरचा फरसाणाचा पुडा सुटत नाही, हा मात्र शुद्ध धृतिभ्रंश. माझ्या समजुतीप्रमाणे वैद्यांच्या मोडलेल्या संकल्पांत हा तिसरा प्रकार सर्वांत कमी असतो.

स्मृतिदोषाचा उपायही शारीरस्थानाच्या त्याच अध्यायात आहे. स्मृती उत्पन्न होण्याची आठ कारणे तेथे दिली असून त्यांत निमित्त हे पहिले आहे. एखादे कारण दृष्टीस पडले की त्याच्याशी जोडलेली गोष्ट आठवते. म्हणून संकल्प नुसता 'करीन' असा न सोडता त्यास निमित्त जोडून द्यावे. 'प्रकृतिपरीक्षा लिहीन' असे न म्हणता 'नाडी पाहून हात खाली ठेवला की लेखणी उचलीन' असे म्हणावे. 'प्राणायाम करीन' असे न म्हणता 'चिकित्सालयाचे शटर उघडले की रुग्णास आत बोलावण्यापूर्वी दहा मिनिटे बसेन' असे ठरवावे. मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलविट्झर ह्यांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या लेखात नेमके हेच प्रतिपादन केले आहे. केवळ ध्येय मनात धरणाऱ्यापेक्षा 'अमुक प्रसंग आला की अमुक करीन' अशी जोडणी आधीच करून ठेवणारा मनुष्य काम तडीस नेण्यात अधिक यशस्वी होतो, असा त्यांचा निष्कर्ष आहे. चरकाचार्यांनी ज्यास निमित्त म्हटले, त्याचीच ही प्रयोगाने झालेली पुष्टी असे मी मानतो. दोन्हींचा संदर्भ पूर्णतः एक नाही, हे अर्थातच मान्य करून.

आपल्या शेजारचे नियम

संकल्पाची शास्त्रशुद्ध बांधणी पाहण्यास दूर जाण्याची आवश्यकता नाही. भाईंदर पश्चिमेस बावन जिनालयाच्या परिसरात ज्यांचे चिकित्सालय आहे, त्यांना चातुर्मासात जैन रुग्णांच्या पच्चक्खाणाचा विचार करूनच औषधांचे काल ठरवावे लागतात. ह्या पच्चक्खाणाची रचना पाहण्यासारखी आहे. प्रत्येक नियमास कालमर्यादा असते. नवकारशी सूर्योदयानंतर ४८ मिनिटांपर्यंत, इतकी ती स्पष्ट. नियम मनातल्या मनात न राहता शब्दांत उच्चारून घेतला जातो. आणि विशेष म्हणजे त्यात आगार, म्हणजे अपवाद, आधीच सांगितलेले असतात. विस्मरणाने किंवा अकस्मात काही घडले तर नियम भंगला असे मानले जात नाही. म्हणजे नियम घेणाऱ्याने स्वतःच्या दुर्बलतेचा हिशेब आरंभीच केलेला असतो. आपण 'आजपासून कायमचे' असा संकल्प करतो. त्यास ना अवधी, ना अपवाद. आणि मग पहिल्याच चुकीस तो संपूर्ण टाकून देतो. उत्तनकडील ख्रिस्ती कोळी बांधवांचा ईस्टरपूर्वीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळही असाच अवधीने बांधलेला आहे. ह्या दोन्ही परंपरांचा हेतू धार्मिक आहे व तो येथे आपला विषय नाही. परंतु नियमाची घडण वैद्याने अवश्य अभ्यासावी.

पादांशिक क्रम

आता मूळ विषयाकडे वळू. अहितकर गोष्ट चतुर्थांशाने कमी करावी व तिच्या जागी हितकर गोष्ट चतुर्थांशाने घालावी. ह्या पायरीनंतर एका दिवसाचे अंतर, पुढील पायरीनंतर दोन दिवसांचे, त्यापुढे तीन दिवसांचे, असा हा क्रम आहे. अंतराचा अर्थ नेमका कसा लावावयाचा ह्याविषयी व्याख्यांमध्ये मतभेद आहेत. वाग्भटांनी अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानात, सातव्या अध्यायात, पादाबरोबरच पादाच्या पादाचाही, म्हणजे सोळाव्या हिश्श्याचाही, पर्याय ठेवला आहे. तसेच ऋतुसंधीच्या चौदा दिवसांचे वर्णन करताना, एकदम सोडण्याने वा एकदम सुरू करण्याने असात्म्यज रोग होतात, असा इशाराही त्यांनी दिला आहे.

ह्या क्रमातील दोन मुद्दे सहज नजरेआड होतात. पहिला असा, की त्याग व सेवन ही दोन्ही एकाच वेळी चालतात. काढलेली जागा रिकामी ठेवलेली नाही. रात्रीच्या दूरचित्रवाणीचा किंवा भ्रमणध्वनीचा वेळ कमी करावयाचा असेल, तर तासातील पंधरा मिनिटे काढून त्याच पंधरा मिनिटांत वाचन बसवावे. नुसती काढलेली पंधरा मिनिटे आपोआप पूर्वस्थितीस जातात. दुसरा मुद्दा असा, की अंतर वाढत जाते. पायरी जसजशी वर जाते, तसतसे तेथे अधिक काळ थांबावयाचे आहे. आपण नेमके उलटे करतो. पहिल्या आठवड्यात यश आले की उत्साहाच्या भरात दुसऱ्या आठवड्यात दुप्पट करतो. क्रमाने घटविलेले दोष पुन्हा उद्भवत नाहीत व क्रमाने वाढविलेले गुण अढळ होतात, असे फळ आचार्यांनी सांगितले आहे. ते 'क्रमाने' ह्या शब्दावर अवलंबून आहे.

भाईंदरची जुनी ओळख मिठागरांची. भरतीचे पाणी एका खाचरातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असे फिरवीत दाट होऊ दिल्यावरच शेवटच्या खाचरात मीठ धरते, हे येथील जुन्या रहिवाशांना सांगावयास नको.

किती दिवस लागतात, हा प्रश्न रुग्ण नेहमी विचारतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली व त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ स्वयंसेवकांवर केलेला अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. प्रत्येकाने खाणे, पिणे वा व्यायाम ह्यांपैकी एक नवी कृती निवडून ती रोज एका ठरावीक निमित्ताने करावयाची होती. कृती अंगवळणी पडण्यास लागलेल्या काळाचे मध्यमान ६६ दिवस आले. व्यक्तीव्यक्तींत ते १८ पासून २५४ दिवसांपर्यंत होते. 'एकवीस दिवसांत सवय लागते' हे जे सर्वत्र सांगितले जाते, त्यास ह्या अभ्यासात आधार सापडत नाही. एखादा दिवस चुकल्याने अंतिम परिणामात विशेष फरक पडला नाही, हेही त्यात आढळले. सवयीस लागणारा काळ पुरुषागणिक इतका भिन्न असणे, प्रकृती व सत्त्व ह्यांचा विचार करणाऱ्या वैद्यास आश्चर्याचे वाटू नये.

येथे एका प्रतिकूल पुराव्याचाही उल्लेख केला पाहिजे. इंग्लंडमध्ये ६९७ धूम्रपान करणाऱ्यांवर झालेल्या व २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एका गटाने ठरल्या दिवशी धूम्रपान एकदम थांबविले, तर दुसऱ्याने दोन आठवडे क्रमाने कमी करून मग थांबविले. चार आठवड्यांनंतर एकदम थांबविणाऱ्यांपैकी ४९ टक्के, तर क्रमाने थांबविणाऱ्यांपैकी ३९ टक्के संयम राखून होते. सहा महिन्यांनंतरही हा भेद २२ विरुद्ध साडेपंधरा टक्के असा टिकून होता. म्हणजे तंबाखू सोडवितांना पादांशिक क्रम श्रेष्ठ ठरतो असे सरसकट म्हणता येणार नाही. दोन आठवड्यांचा अवधी संहितोक्त क्रमाशी किती जुळतो, हितकराचे सेवन त्यात कितपत होते, असे प्रश्न विचारता येतील. परंतु तेवढ्यावर हा पुरावा झटकून टाकणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. मशेरी व तंबाखूच्या रुग्णास निश्चित दिवस ठरवून देऊन त्या दिवशी पूर्ण त्याग करविणे मला अधिक योग्य वाटते. प्रत्येक सेवनच जेथे पुढच्या सेवनाची ओढ लावते, तेथे चतुर्थांश शिल्लक ठेवणे धोक्याचे आहे. मद्यपानाची गोष्ट वेगळी आहे. दीर्घकाळ भरपूर मद्य घेणाऱ्याने ते एकाएकी थांबविल्यास प्राणावर बेतू शकते, म्हणून तेथे रुग्णालयीन देखरेखीवाचून कोणताच क्रम वैद्याने सांगू नये. आहार, निद्रा, व्यायाम व अध्ययन ह्यांच्यासाठी मात्र पादांशिक क्रमाइतका सोपा मार्ग माझ्या पाहण्यात नाही.

एक उदाहरण : संहितावाचन

चरकसंहितेचे अध्याय १२०. सूत्र ३०, निदान, विमान व शारीर प्रत्येकी ८, इंद्रिय १२, चिकित्सा ३०, कल्प व सिद्धी प्रत्येकी १२. अष्टांगहृदयाचेही १२०. आठवड्यास एक अध्याय धरला तर १२० आठवडे, म्हणजे सुमारे दोन वर्षे चार महिने. ऐकताना हा काळ फार वाटतो. परंतु पदवी घेऊन पंधरा वर्षे झालेल्या किती जणांचे ह्या काळात एक तरी साद्यंत वाचन झाले आहे, हे ज्याचे त्याने पाहावे. आरंभ पूर्ण अध्यायाने न करता चतुर्थांशाने करावा. पहिला महिना आठवड्यास पाव अध्याय, नंतर अर्धा, नंतर पाऊण, आणि वाढत्या अंतराचे तत्त्व सांभाळून प्रत्येक पायरीवर पूर्वीपेक्षा अधिक काळ. ज्वर, उदर, वातव्याधी अशा मोठ्या अध्यायांना दोन-तीन आठवडे द्यावेत व त्याबद्दल अपराधी वाटून घेऊ नये. तो आपला आगार समजावा.

उपजीविकेचा व्यवसाय सांभाळून केवढे काम होऊ शकते, ह्यासाठी महामहोपाध्याय पां. वा. काणे ह्यांचे उदाहरण वैद्यांनाही उपयोगी पडेल. मुंबईच्या उच्च न्यायालयात वकिली करणाऱ्या काण्यांनी 'व्यवहारमयूखा'च्या संपादनाच्या निमित्ताने धर्मशास्त्राच्या इतिहासाचे लेखन हाती घेतले. पहिला खंड १९३० साली, त्यांच्या पन्नाशीत, निघाला व पाचव्या खंडाचा अखेरचा भाग १९६२ साली. एकूण पृष्ठे साडेसहा हजारांहून अधिक. १९६३ साली त्यांना भारतरत्न मिळाले. ह्या बत्तीस वर्षांच्या दिवसांनी पृष्ठांस भागले असता दिवसाला अर्ध्या पानाहून किंचित अधिक येते. त्या अर्ध्या पानामागचे वाचन अर्थातच प्रचंड होते, आणि ते आपल्यासारख्यांनी मोजू नये हेच बरे; पण अर्धे पान हे प्रमाण मात्र कोणाच्याही आवाक्यातील आहे.

औषधविक्रेत्यांसाठी

औषधविक्रेत्या बांधवांचे उद्दिष्ट बहुधा साठ्यासंबंधी असते. वर्षातून एकदा दोन दिवस दुकान बंद ठेवून सर्व कपाटे रिकामी करण्याचा बेत दरवर्षी ठरतो व दरवर्षी पुढे जातो. त्याऐवजी दुकानाचे चार भाग कल्पून दर सोमवारी, पहिले गिऱ्हाईक येण्यापूर्वी, एका भागातील वेष्टनावरील मुदती पाहाव्यात. महिन्यात संपूर्ण फेरा होतो. पावसाळ्यात खाडीकाठच्या ह्या दमट हवेत चूर्णांचे गठ्ठे होतात, गुग्गुळकल्पांच्या गोळ्या चिकटतात. म्हणून आषाढ ते भाद्रपद चूर्णांचा भाग प्रत्येक सोमवारी पाहावा व इतर भाग पंधरवड्याने. मुदत संपत आलेला माल काढण्यास एक टोपली दाराशीच ठेवावी. ती दिसली की काम आठवते, हेही निमित्तच.

खंड पडल्यावर

कितीही क्रमाने चालले तरी खंड पडतोच. साथीचे दिवस येतात, घरात लग्नकार्य निघते, स्वतः वैद्य आजारी पडतो. ह्या वेळी होणारी नेहमीची चूक म्हणजे राहिलेले सर्व एकदम भरून काढणे. चार आठवडे सुटले म्हणून रविवारी चार अध्याय घेऊन बसणे. शोधनानंतर अग्नी मंद असता आपण रुग्णास पूर्ण आहार देत नाही. पेया, विलेपी, अकृत व कृत यूष, मांसरस ह्या संसर्जनक्रमाने प्रधान शुद्धीत बारा अन्नकाल, मध्यमात आठ व अवरात चार असा काळ देऊन त्यास पूर्वस्थितीस आणतो. खंडानंतरच्या संकल्पासही हेच प्रमाण लावून पाहावे. खंड मोठा असेल तर संसर्जन मोठे. पहिल्या दिवशी नवा अध्याय न उघडता मागील अध्यायाचे एकच पृष्ठ पुन्हा वाचावे, दुसऱ्या बैठकीत दोन, आणि टीका तिसऱ्या-चौथ्या बैठकीपर्यंत बाजूस ठेवावी.

रुग्णास आपण 'पंधरा दिवसांनी दाखवा' असे सांगून पत्रिकेवर तारीख घालतो. स्वतःच्या संकल्पाचीही अशीच एक रुग्णपत्रिका करावी. वर उद्दिष्ट, त्याखाली अवधी, अपवाद व निमित्त, आणि उजव्या कोपऱ्यात पुढील तपासणीची तारीख. त्या तारखेस संकल्प मोडलेला आढळला तर धी, धृती, स्मृती ह्यांपैकी दोष कोणाचा, हे एका ओळीत लिहून त्यानुसार मात्रा बदलावी. पत्रिका इतर रुग्णांच्या पत्रिकांमध्येच, आपल्या आडनावाच्या अक्षराखाली लावून ठेवावी, म्हणजे ती शोधावी लागत नाही.